सातव्या खाटेची नोंद

माझं काम सांगितलं की लोकांना वाटतं, यात काय एवढं. कंपन्या सॉफ्टवेअर बनवतात आणि ते वापरायचं कसं, याची पुस्तिका मी लिहिते. मराठीत. 'इथे क्लिक करा, मग हे निवडा, मग जतन करा.' प्रत्येक पायरीला एक स्क्रीनशॉट. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसतंय, त्याचा जसाच्या तसा फोटो. त्यावर मी लाल चौकोन काढते, बाण काढते, आकडे घालते. बारा वर्षं हेच करते आहे. आजवर हजारो स्क्रीनशॉट काढले असतील. पडद्यावर जे नाही ते त्यात कधी आलं नाही. येऊ शकतच नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुम्हीही मला हेच म्हणाल.

गेल्या जानेवारीत परळच्या एका जुन्या प्रसूतिगृहाचं काम माझ्याकडे आलं. नाव नाही सांगत. गिरण्या चालू होत्या त्या काळात कामगारांच्या बायकांसाठी एका ट्रस्टने बांधलेली दुमजली दगडी इमारत. आता तिच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे दुपारी दोनलाच आत संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. तळमजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड, बारा खाटांचा. त्याला लागून लेबर रूम. वरच्या मजल्यावर तसाच आणखी एक वॉर्ड होता. तो दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला, तो बंदच राहिला. इथल्या नर्सेसना वह्या सोडून आता कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मी पुस्तिका लिहायची होती.

बुधवार होता. गिरगावातून बस धरून मी अकराच्या आत पोचले. वॉर्डच्या इन्चार्ज दर्शना सिस्टर दारातच भेटल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"अनुजा मॅडम ना? हे बघा, पुस्तिका अशी लिहा की मला चष्मा न लावता वाचता आली पाहिजे. आणि फालतू पानं वाढवू नका. इथं वाचायला कोणाला टाइम आहे?"

"मोठ्या अक्षरांत लिहीन," मी म्हटलं. "स्क्रीनशॉट भरपूर घालीन. चित्रं बघून जमेल."

"मग ठीक आहे. पण इथे कुठे बसणार तुम्ही? बघताय ना..."

बघत होतेच. पोरं रडत होती, नातेवाईक डबे घेऊन आत-बाहेर करत होते. टेबलाचा एक कोपराही मोकळा नव्हता.

"वर बसता का? शांत आहे. धूळ आहे थोडी, पण प्लग चालतो."

कुशाबाने वरचं कुलूप काढून दिलं. तो तिथला सगळ्यात जुना वॉर्डबॉय, साताऱ्याकडचा. त्याने एक टेबल नि खुर्ची दारापर्यंत आणली आणि उंबऱ्यातून माझ्या हातात दिली. स्वतः आत आला नाही.

"ताई, पंखा नका लावू, वायरिंग जुनं हाय. खिडकीजवळचा प्लग चालू हाय. काय लागलं तर जिन्यातून हाक मारा."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"चौतीस." एवढं बोलून तो खाली गेला.

लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना सहा-सहा लोखंडी खाटा, गाद्यांशिवाय. प्रत्येकीच्या उशाला पांढऱ्या रंगात आकडा. खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यातून पिवळट उजेड येत होता. मला खरं तर बरं वाटलं. इतकी शांत जागा मुंबईत फुकट कुठे मिळते? मी टेबल खिडकीशी ओढलं, लॅपटॉप उघडला आणि कामाला लागले.

त्या सॉफ्टवेअरमध्ये 'सराव' नावाचा एक भाग आहे. शिकणाऱ्यांनी त्यात खोटे पेशंट भरून हात बसवायचा. खऱ्या वॉर्डाशी त्याचा काही संबंध नाही. मी माझ्या शाळेतल्या बाईंची नावं वापरून पहिल्या चार खाटा भरल्या. भूगोलाच्या बाईंना जुळं झालं, शिवणाच्या बाईंना साडेतीन किलोचा मुलगा. स्वतःशीच हसत दीड वाजेपर्यंत वीस स्क्रीनशॉट काढून झाले. डबा खाल्ला, बाटलीतलं पाणी प्यायले, आणि एकविसावा काढायला घेतला.

एकविसावा होता खाटांचा तक्ता. पडद्यावर बारा चौकोन, एकेका खाटेचा एकेक. पहिल्या चारांत माझ्या बाई. पाच ते बारा कोरे. मी नेहमीसारखी तीन बटणं एकदम दाबली, पडदा अंधुक झाला, हवा तेवढा भाग माऊसने ओढून घेतला. झालं. तो फोटो पुस्तिकेच्या पानावर चिकटवून लाल चौकोन काढायला लागले, तेव्हा लक्षात आलं की सातव्या खाटेच्या चौकोनात काहीतरी लिहिलं आहे.

'परिचारिकेची नोंद' या रकान्यात.

खा. ७. बाळंतीण थकली आहे. झोपली आहे असे वाटते.

मी मागे जाऊन खरा पडदा पाहिला. सातवी खाट कोरी. फोटो पाहिला. फोटोत ओळ होती. अक्षरं सॉफ्टवेअरचीच, आकार तोच, रंग तोच. वाटलं, माझ्याकडूनच चुकून टाइप झालं असेल आणि मग पुसलं गेलं असेल. पण मी असं लिहिणार नाही. 'खा. ७' असं कोण लिहितं?

दोनला दहा मिनिटं होती. मी पुन्हा तीन बटणं दाबली.

खा. ७. झोप नव्हे.

एवढंच. आधीची ओळ गेलेली. खऱ्या पडद्यावर तो चौकोन अजूनही कोरा, स्वच्छ.

घाबरले असं नाही म्हणणार. कामात काही बिघडलं की जसा वैताग येतो, तसा आला. पण त्याच वेळी मला वास आला. जळक्या ओव्याचा. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी देतात ना, तो. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आमच्या घरात सव्वा महिना हाच वास होता, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. खालून येत असेल, मी मनाशी म्हटलं. हॉस्पिटलात कोण निखारे पेटवू देईल, हे काही मनात आलं नाही.

वैभवला फोन लावला. हे सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं त्यातला एक. आम्ही चार वर्षं एकत्र काम करतोय.

"अगं, 'सराव'मध्ये दुसरं कोणीतरी टाइप करत असेल," तो म्हणाला. "थांब, कोण लॉगइन आहे बघतो." कळफलकाचा आवाज आला. "कोणीच नाहीये. फक्त तू."

"मग हे कोण लिहितंय?"

"जुना डेटा असेल कुठेतरी अडकलेला. रिस्टार्ट मार ना."

"वैभव, तीन महिन्यांपूर्वी तर बनवलंत तुम्ही हे. जुना डेटा कुठला?"

"बरं, एक काम कर. अजून एक काढ आणि मला पाठव."

काढला. पाठवला. तो उघडेपर्यंत मीही वाचला.

"हे काय आहे?" फोनवर वैभव अडखळत वाचायला लागला. "'ना. १२०, बारीक. ओठ पांढरे.' ना. म्हणजे काय गं?"

"नाडी," मी म्हटलं.

तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि त्या खोलीत फार मोठा वाटला. आणि तो विरतो न विरतो तोच मला दुसरा एक आवाज ऐकू आला.

कर्र... कर्र... कर्र...

जुन्या लोखंडी खाटेवर कोणी वजन टाकावं आणि काढावं, टाकावं आणि काढावं, तसा. घाई नाही, थांबणं नाही. समोरच्या रांगेतून. मी मान वर केली. खाटा होत्या तशा होत्या, एकही हलत नव्हती. मी उजवीकडून आकडे वाचत गेले. बारा, अकरा, दहा... ज्या खाटेतून आवाज येत होता तिच्या उशाला ७ लिहिलेलं होतं.

"अनुजा? आहेस ना?"

"तुला... आवाज येतोय का रे?"

"कसला?"

"काही नाही. रिस्टार्ट करते."

इथे मी चुकले. हे मी कोणापासून लपवत नाही. मला त्या क्षणी उठायला हवं होतं. पण बारा वर्षांची सवय. पडद्यात बिघाड आहे, तर पडदाच दुरुस्त करायचा. लॅपटॉप बंद करून चालू केला तर त्याने अपडेट काढलं. 'कृपया वाट पाहा.' पांढरे ठिपके गोल गोल फिरत राहिले. चार मिनिटं मी त्यांच्याकडे बघत बसले. समोरची खाट एका लयीत वाजत होती आणि धुरीचा वास इतका दाटला होता की डोळे चुरचुरत होते. चार मिनिटं. नंतर मी घड्याळ लावून पाहिलंय, चार मिनिटं किती असतात ते.

पुन्हा तक्ता उघडला. तीन बटणं एकदम दाबली जाईनात. तिसऱ्या वेळी जमलं.

खा. ७. चादर उचलून बघावी.

पुन्हा.

खा. ७. हात काढता येत नाही. कोणी आहे का?

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. तरीही, का कोण जाणे, वाकून मी आणखी एकदा बटणं दाबली. पडदा अंधुक झाला तेव्हा त्यात माझा चेहरा दिसला, आणि मग ती ओळ.

वर बसला आहात त्या बाई, खाली या.

जिना मी कसा उतरले, आठवत नाही.

खाली वॉर्डात दुपारची सामसूम होती. नातेवाइकांना चारपर्यंत बाहेर काढलेलं. बाळंतिणी डोळे मिटून पडलेल्या. लेबर रूमच्या बंद दारामागून कोणा बाईच्या कण्हण्याचा नि डॉक्टरांचा आवाज येत होता. सगळ्या नर्सेस तिकडेच होत्या. मी सरळ सात नंबरशी गेले. भिंतीकडे तोंड करून एक मुलगी झोपली होती, चोवीस-पंचवीसची. गळ्यापर्यंत चादर ओढलेली. शेजारच्या पाळण्यात बाळ जागं होतं, मुठी वळून वर बघत होतं, अजिबात रडत नव्हतं.

मी वाकून तिचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे होते.

"मॅडम! काय करताय?" दर्शना सिस्टर लेबर रूममधून काहीतरी न्यायला बाहेर आल्या होत्या. "झोपू द्या तिला. रात्रभर कळा देत होती, साडेअकराला मोकळी झालीय."

"सिस्टर, ही झोपलेली नाही."

"काय?"

मी कोण होते चादर उचलणारी? ना डॉक्टर, ना नर्स, ना नात्यातली. हात पुढे जाईना. मग डोळे मिटले आणि उचलली.

सिस्टरांच्या हातातला ट्रे खाली पडला. त्यांनी मला बाजूला ढकललं, तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि अशा आवाजात ओरडल्या, की वॉर्डातली सगळी पोरं एकदम रडायला लागली.

"डॉक्टर! सातला! ब्लीडिंग! आकांक्षा, ए आकांक्षा, डोळे उघड गं... उघड बाळा..."

पुढचा पाऊण तास मी बाहेर बाकावर होते. माझ्या शेजारी आकांक्षाची सासू. शीव कोळीवाड्याची, अंगाने दणकट बाई, हातात थर्मास धरून बसलेली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने माझ्या बाहीला लागलेलं रक्त पाहिलं आणि थर्मास घट्ट छातीशी धरला. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. तिने माझा हात धरला, मी धरू दिला. रक्ताच्या पिशव्या घेऊन माणसं धावत आत गेली. मग पावलांचा वेग कमी झाला. मग कोणीतरी आत चक्क हसलं, दमलेलं, सुटल्यासारखं. सासूने मान खाली घातली आणि हुंदका दिला.

"वाचली," दर्शना सिस्टर दारात येऊन म्हणाल्या. "आता काळजी नाही."

त्यांच्या मागून डॉक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, कपाळावर घाम. त्यांनी सिस्टरांना थोडं बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं.

"वारेचा तुकडा आत राहिला होता. तासभर तरी ब्लीडिंग चालू असणार. सिस्टर, पोट कोण दाबत होतं?"

"यांनी चादर उचलल्यावर मी लगेच धरलं."

"तुमच्या आधी. एवढं रक्त गेल्यावर गर्भाशय मऊ पडतं, पेशंट हाती लागत नाही. हिचं घट्ट होतं. कोणीतरी चांगला अर्धा तास सलग चोळत बसलं असणार. बाहेर कोण होतं?"

"कोणीच नव्हतं मॅडम. आम्ही सगळ्या आतच होतो, तुमच्याबरोबर."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जे कोणी होतं," त्या म्हणाल्या, "तिच्यामुळे वाचली ही." आणि त्या पुन्हा आत गेल्या.

वर जाऊन लॅपटॉप आणायला हवा होता. एकटीने जायची माझी छाती होईना. मी दर्शना सिस्टरांना सगळं सांगितलं, न लपवता. वाटलं, हसतील किंवा रागावतील. पण त्यांनी हात धुतले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्या पुढे जिना चढायला लागल्या.

वर सगळं शांत होतं. आवाज नाही, वासही नाही. पडलेली खुर्ची तशीच. मी एकेक फोटो उघडून दाखवला. त्यांनी पडद्याला नाक लावून प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

"'खा. सात.' 'बघावी.' 'ना. एकशेवीस.'" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असं आमच्यातलं कोणी लिहीत नाही आता. मी नवीन लागले तेव्हा ज्या रिटायर होत होत्या ना, त्या असं लिहायच्या. जुनी रजिस्टरं सगळी अशीच आहेत."

"त्यातली कोण असेल?"

"एक का होती, मॅडम? साठ-सत्तर वर्षांत किती आल्या. इथेच राबल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या. एकीला तर ड्युटीवरच..." त्या थांबल्या. "मी नाव कसं घेऊ? चुकीचं घेतलं तर?"

खाली कोणाचं तरी बाळ रडायला लागलं, आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

"काढा अजून एक," दर्शना सिस्टर म्हणाल्या.

"नको..."

"काढा हो. मी आहे ना."

मी तीन बटणं दाबली. या वेळी एका फटक्यात जमलं. फोटो उघडला तेव्हा आम्ही दोघी एकदमच वाकलो.

खा. ७. प्र. बरी. जाग आल्यावर पेज द्यावी.

"प्र. म्हणजे प्रकृती," सिस्टर म्हणाल्या, जणू मला कळलं नसेल. मग त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. "पेज! डॉक्टर आज पाण्याचा घोटही देऊ देणार नाहीत. पण उद्या सकाळी आणते. घरूनच करून आणते, इथल्या कँटीनची नको."

आणली त्यांनी. सकाळी सातला करी रोडहून डब्यात, वर तुपाचा थेंब घालून. हे मला आकांक्षानेच नंतर सांगितलं.

उरलेले सत्तेचाळीस स्क्रीनशॉट मी गिरगावात, घरी बसून काढले. एकातही काही आलं नाही. पडद्यावर जे होतं तेच फोटोत. वैभवने दोन दिवस सगळं तपासलं आणि शेवटी म्हणाला, "मला नाही कळलं गं. पण बरं झालं ना?" मी म्हटलं, हो, बरं झालं.

पुस्तिकेत मात्र मी एक पायरी वाढवली. नोंद करण्याच्या पानावर पहिलीच, मोठ्या अक्षरांत: 'काहीही टाइप करण्याआधी पेशंटला हाक मारा. चादर उचलून बघा.' कंपनीतून विचारणा झाली, ही पायरी सॉफ्टवेअरची नाही, काढायची का? मी नाही काढू दिली. दर्शना सिस्टरांनी ते पान लॅमिनेट करून टेबलामागे लावलंय. तिथल्या नर्सेस आता दर अर्ध्या तासाने फेरी मारतात, लेबर रूममध्ये कितीही धावपळ असो, एक जण बाहेर ठेवतात. मार्चमध्ये त्यामुळेच आणखी एक बाई वेळेत लक्षात आली. माझ्या कामाने कोणाचा जीव वाचेल असं मला बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आकांक्षा घरी गेली तो दिवस सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

आठव्या दिवशी तिला सोडणार होते. मी मुद्दाम गेले. ती खाटेवर बसून वेणी घालून घेत होती, गालांवर रंग आला होता. सासूने बाळाला गुंडाळून माझ्या हातात दिलं. "घ्या, बाय. तुमच्या हातचीच आहे ही." मुलगी होती. नाकाचा शेंडा लालबुंद. मी तिला घेऊन उभी राहिले आणि मला हसू आणि रडू एकदम आलं.

"तुम्हाला त्या दिवशीचं काही आठवतं?" मी आकांक्षाला विचारलं.

"थोडं थोडं. पाण्यात खोल गेल्यासारखं वाटत होतं. पण त्या बाई सोडत नव्हत्या ना. पोटावर हात ठेवून दाबत होत्या, सारख्या. दुखत होतं, पण बरं वाटायचं. हात थंडगार होते त्यांचे." तिने इकडेतिकडे पाहिलं. "त्या दिसल्या नाहीत परत. त्यांना भेटून जायचं होतं."

दर्शना सिस्टर गोळ्यांची पाकिटं बांधत होत्या. "त्यांची ड्युटी बदलली," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"आणि ती आठ नंबरवाली? ती बरी आहे ना?"

सिस्टरांचे हात थांबले. "कोण आठ नंबरवाली?"

"माझ्या बाजूची. तिचं बाळ रडत होतं बघा, तेव्हा. सारखं रडत होतं. बाई मला दाबता दाबता तिकडे बघून म्हणत होत्या, 'थांब गं माझे बाय, हिचं आटपू दे, मग तुझ्याकडेच येते.' मला वाईट वाटत होतं, माझ्यामुळे तिला थांबायला लागतंय म्हणून."

"आठ नंबर महिनाभर बंद आहे गं," दर्शना सिस्टर हळूच म्हणाल्या. "पाय मोडलाय खाटेचा."

आकांक्षा हसली. तिला वाटलं आम्ही तिची गंमत करतोय. तेवढ्यात तिचा नवरा टॅक्सी घेऊन आला, पिशव्या उचलल्या गेल्या, सासूने दारात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आणि मंडळी हसत-बोलत निघाली. मी बाळाच्या पायाला हात लावला. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

मग आत आलो. आठवी खाट भिंतीशी होती, एका बाजूला कललेली, मोडक्या पायाखाली विटा लावलेल्या. गादी नव्हती, चादर नव्हती, नुसत्या लोखंडी पट्ट्या. सकाळची वेळ होती, खिडकीतून गार वारा येत होता. दर्शना सिस्टरांनी पट्ट्यांवर हात ठेवला आणि लगेच उचलला. माझ्याकडे बघितलं.

मग मीही ठेवला. उशाकडचं लोखंड गार होतं, पायाकडचंही गार होतं. मधोमध, जिथे झोपलेल्या माणसाची पाठ टेकते, तेवढी जागा गरम होती.